मे-माशी : मुरबाड-शहापूरच्या ओढ्यांची परीक्षक

इंग्रजीत ‘मेफ्लाय’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कीटकाला हे नाव युरोपातील ऋतुमानामुळे मिळाले. तेथे मे महिन्याच्या सुमारास नदीकाठी या कीटकांचे थवे उडताना दिसतात. मराठीत ‘मे-माशी’ हा त्याचाच शब्दशः अनुवाद. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड आणि शहापूर या सह्याद्रीलगतच्या तालुक्यांत मात्र हे नाव काहीसे विपरीत ठरते. येथे मे महिन्यात डोंगरातील बहुतेक ओढ्यांचे तळ उघडे पडलेले असतात आणि पाड्यांवर पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते. तरीही हा कीटक या ओढ्यांत टिकून आहे. चार महिने धो धो वाहणाऱ्या आणि चार महिने जवळजवळ आटणाऱ्या पाण्यात तो कसा जगतो, ओढ्याच्या कोणत्या भागात राहतो आणि कुठून नाहीसा होतो, हा अभ्यास केवळ कीटकशास्त्रज्ञांच्या कामाचा नाही. मुंबई आणि ठाण्याच्या नळांना येणारे पाणी ज्या खोऱ्यांतून येते, त्या खोऱ्यांच्या प्रकृतीचा तो आलेख आहे.

एका दिवसाचे आयुष्य?

मे-माशीचा समावेश ‘एफेमेरॉप्टेरा’ या गणात होतो. ‘एफेमेरॉस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘एका दिवसापुरता’ असा आहे. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात एका दिवसात जन्मून मरणाऱ्या अशा कीटकाचा उल्लेख केला आहे. डच निसर्गअभ्यासक यान स्वामरडाम याने १६७५ मध्ये मे-माशीच्या जीवनावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. प्रौढ मे-माशीचे तोंड निकामी झालेले असते. ती काही खात नाही. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत तिचे मीलन होते, अंडी घातली जातात आणि तिचा शेवट होतो. अमेरिकेतील एका जातीची मादी तर पंख फुटल्यानंतर पाच मिनिटेही जगत नाही.

परंतु हे सारे आयुष्याच्या अखेरच्या अंकाचे वर्णन झाले. त्यापूर्वी या कीटकाचे पिल्लू पाण्याखाली काही आठवडे, काही महिने, तर थंड प्रदेशात वर्ष-दोन वर्षेही काढते. या काळात ते अनेकदा कात टाकते, खाते, वाढते आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या कल्ल्यांच्या साह्याने पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेते. म्हणजे मे-माशी ही खऱ्या अर्थाने पाण्यातील प्राणी आहे. हवेत ती केवळ वंश पुढे चालवण्यासाठी येते.

या गणाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की पंख फुटल्यानंतरही एकदा कात टाकणारे कीटक आज जगात केवळ हेच आहेत. पाण्यातून बाहेर पडलेल्या माशीचे पंख प्रथम धुरकट असतात. काठावरील झुडपात काही काळ विसावल्यावर ती पुन्हा कात टाकते आणि पारदर्शक, चकचकीत पंखांची पूर्ण प्रौढ माशी होते. पंखधारी कीटकांच्या अतिप्राचीन शाखांपैकी ही एक आहे. तिच्या पूर्वजांचे अवशेष सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडतात. जगात आज या गणातील तीन हजारांहून अधिक आणि भारतात दीडशेहून अधिक जातींची नोंद आहे. पश्चिम घाटातील जातींचा अभ्यास प्रामुख्याने दक्षिणेकडील घाटांत झाला. मदुराई येथील मदुरा महाविद्यालयाचे के. जी. शिवरामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम त्यात महत्त्वाचे मानले जाते.

डोंगरापासून खाडीपर्यंतचा उतार

मुरबाड आणि शहापूरचा पूर्वेकडील भाग सह्याद्रीच्या कड्याला भिडलेला आहे. माळशेज घाट, नाणेघाट, सिद्धगड, गोरखगड आणि आजोबाचा डोंगर ही नावे पुण्या-मुंबईच्या गिरिप्रेमींना परिचित आहेत. वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, असे येथील पर्जन्यमान. कड्यांवरून कोसळणारे हे पाणी काळ्या बसाल्टच्या घळींतून खाली येते आणि काळू, डोईफोडी, शाई, भातसा यांसारख्या नद्यांना मिळते. काळू आणि भातसा यांचे पाणी पुढे उल्हास नदीत आणि तिच्यासोबत खाडीला जाते. शहापूरच्या उत्तर भागातील पाणी तानसा आणि वैतरणा या नद्यांकडे वळते.

कड्याच्या पायथ्यापासून मैदानापर्यंतचे अंतर थोडे असले, तरी एवढ्यात पाण्याचा वेग, तापमान, तळाचे स्वरूप आणि काठावरील सावली झपाट्याने बदलत जाते. मे-माशीच्या वेगवेगळ्या कुळांनी हे बदल आपापसांत वाटून घेतले आहेत. त्यामुळे तिचा आढळ नकाशावर ठिपक्यांनी दाखवण्यापेक्षा ओढ्याच्या उतारावर पायरीपायरीने दाखवणे अधिक योग्य ठरते.

पहिली पायरी कड्याखालील वेगवान पाण्याची. येथे मोठ्या दगडांवरून पाणी पातळ थराने धावते. या पाण्यात हेप्टाजेनिइडी कुळातील पिल्ले राहतात. त्यांचे शरीर वरून दाबल्यासारखे चपटे, डोके ढालीसारखे रुंद आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. दगडाच्या पृष्ठभागाला अगदी लगटून पाण्याचा वेग फार कमी असतो. चपट्या शरीरामुळे या पिल्लांना त्या अरुंद थरात आश्रय मिळतो. काही जातींत तर दोन्ही बाजूंचे कल्ले एकमेकांना जुळून पोटाखाली चकतीसारखी पकड तयार होते. दगडावरील बुळबुळीत शेवाळाचा थर खरवडून खाणे हा त्यांचा उद्योग. वेगवान पाण्यातील प्राण्यांच्या अशा शरीररचनेवर भारतीय प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मोठा निबंध लिहिला होता. या विषयात आजही तो मूलभूत मानला जातो.

दुसरी पायरी जंगलातून वाहणाऱ्या खळाळत्या ओढ्याची. गोटे, खडी आणि त्यांत अडकलेला पालापाचोळा येथे असतो. कुजणाऱ्या पानांच्या थरात आणि दगडांच्या खालच्या बाजूला लेप्टोफ्लेबिइडी कुळातील पिल्ले सापडतात. त्यांचे कल्ले अनेकदा दुभंगलेले असतात आणि झाडांवरून गळलेल्या पानांचे बारीक कण हे त्यांचे अन्न असते. म्हणजे काठावरील उंबर, जांभूळ, करंज यांसारख्या झाडांची सावलीच नव्हे, तर त्यांचा पाचोळाही या पिल्लांसाठी आवश्यक आहे. याच पाण्यात बेटिडी कुळातील सडपातळ पिल्ले छोट्या माशासारखी चपळाईने पोहतात. या कुळातील काही जातींची मादी अंडी घालण्यासाठी स्वतः पाण्यात उतरते आणि दगडाच्या खालच्या बाजूला अंड्यांचा थर चिकटवते.

तिसरी पायरी सपाटीवरील मंद प्रवाहाची. वाळू आणि गाळ जेथे साचतो, तेथे सीनिडी कुळातील अगदी लहान पिल्ले राहतात. त्यांच्या कल्ल्यांची एक जोडी झाकणासारखी असते आणि ती मागील नाजूक कल्ल्यांना गाळापासून वाचवते. एफेमेरिडी कुळातील पिल्ले सुळ्यांसारख्या अवयवांनी तळात बिळे खोदतात. शेवटची पायरी साचलेल्या पाण्याची. तळी, भातखाचरे आणि धरणाच्या फुगवट्याचे उथळ काठ येथे बेटिडी कुळातीलच क्लोइऑन प्रजातीची पिल्ले तग धरतात. उबदार आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात कल्ले सतत हलवून ती आपल्याभोवती प्रवाह निर्माण करतात.

आटणाऱ्या ओढ्यातील डावपेच

या परिसरातील मे-माशीपुढचा सर्वांत मोठा प्रश्न पाणी नसण्याचा आहे. पावसाळ्यात पुराचा लोंढा तळातील दगडच गडगडत नेतो आणि त्यासोबत पिल्लेही वाहून जातात. सप्टेंबरनंतर प्रवाह शांत व स्वच्छ होतो, शेवाळ वाढते आणि पिल्लांची संख्या भरभर वाढते. हिवाळ्यापर्यंतचा हा काळ ओढ्यातील कीटकजीवनाचा सुगीचा काळ म्हणावा लागेल. पुढे फेब्रुवारी-मार्चपर्यंत अनेक ओढ्यांची धार तुटते आणि जागोजागी केवळ डोह शिल्लक राहतात.

यावर या कीटकांकडे निरनिराळे उपाय आहेत. उष्ण कटिबंधातील लहान जातींची वाढ वेगाने होते. कोमट पाण्यात काही आठवड्यांत पिल्लू प्रौढ होत असल्याने वर्षात अनेक पिढ्या निघतात आणि ओढा आटण्यापूर्वी शेवटची पिढी उडून जाऊ शकते. काही जातींची अंडी प्रतिकूल काळात दीर्घकाळ सुप्त राहतात. काही पिल्ले तळातील खडी-वाळूच्या खाली, जेथे ओल टिकून असते, तेथे उतरतात. उरलेली सावलीतील डोहांचा आश्रय घेतात. पाऊस सुरू झाल्यावर याच आश्रयस्थानांतून ओढ्याची पुन्हा वस्ती होते.

प्रवाहासोबत खाली वाहत जाण्यावरही निसर्गाने उतारा दिलेला आहे. पिल्ले रात्रीच्या वेळी प्रवाहात सुटून खाली जातात, तर अनेक जातींच्या माद्या उडताना उगमाच्या दिशेने जाऊन अंडी घालतात. स्वीडनमधील संशोधक कार्ल म्युलर यांनी १९५४ मध्ये या ये-जा करण्याच्या चक्राची कल्पना मांडली. तिचा अर्थ सरळ आहे. ओढ्याचा वरचा आणि खालचा भाग एकमेकांना जोडलेला राहिला, तरच दोन्हींतील जीवन टिकते. उन्हाळ्यातील एखादा लहानसा डोह म्हणूनच त्याच्या आकारापेक्षा कितीतरी मोलाचा असतो. त्यात मासे पकडण्यासाठी टाकलेली विषारी भुकटी किंवा धुतलेले कीटकनाशकाचे पंप एका दिवसात पुढील हंगामाचे बीज नष्ट करू शकतात.

पाण्याची परीक्षा

प्रयोगशाळेत तपासलेला पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो. कालच्या रात्री सोडलेले सांडपाणी आज सकाळी वाहून गेलेले असू शकते. तळाशी महिनोन्महिने राहणारे पिल्लू मात्र मधल्या काळातील प्रत्येक घटनेला सामोरे गेलेले असते. म्हणून जगभर नद्यांच्या तपासणीत मे-माशीचा साक्षीदारासारखा उपयोग केला जातो. ब्रिटनमध्ये १९८०च्या सुमारास रूढ झालेल्या गुणपद्धतीत प्रत्येक कुळाला १ ते १० असे गुण दिले गेले. हेप्टाजेनिइडी आणि लेप्टोफ्लेबिइडी या कुळांना पूर्ण १०, सीनिडीला ७, बेटिडीला ४, तर गाळात वाढणाऱ्या गांडुळवर्गीय कृमींना केवळ १ गुण. भारतातही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने याच धर्तीवर जैविक निकष तयार केले.

या गुणपत्रिकेचा अर्थ लावताना सावधगिरी लागते. केवळ ‘मे-माशी आहे’ एवढ्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही. बेटिडीच्या काही जाती मध्यम प्रदूषणही सोसतात. कोणती कुळे आहेत आणि कोणती असायला हवी असूनही नाहीत, हे पाहावे लागते. शिवाय मे-माशीची साक्ष प्राणवायू, गाळ आणि विषारी द्रव्ये यांविषयी असते. पाण्यात रोगजंतू नाहीत अशी हमी ती देत नाही. ओढ्यात ही पिल्ले दिसली म्हणून तेथील पाणी न उकळता प्यावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

तिचे नाहीसे होणे किती गंभीर असते याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतील ईरी सरोवराचे आहे. सांडपाणी व खतांमुळे सरोवराच्या पश्चिम भागातील तळाचा प्राणवायू संपला आणि १९५३ मध्ये तेथील मे-माश्यांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मेली. प्रदूषण नियंत्रणानंतर त्या परतण्यास १९९०चे दशक उजाडले. आता त्यांचे थवे हवामानाच्या रडारवरही दिसतात. मात्र याच रडारच्या नोंदींवरून त्यांची संख्या २०१२ नंतर निम्म्याहून कमी झाल्याचे संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले.

धरणे, रस्ते आणि ओढे

मुरबाड-शहापूरच्या ओढ्यांचा विचार धरणांशिवाय होऊ शकत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी भातसा धरणातून येते. मुरबाड तालुक्यात काळू नदीवर प्रस्तावित असलेल्या धरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले होते. वनजमिनीविषयीच्या मंजुरीच्या मुद्द्यावर ते २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबले. ठाणे जिल्ह्यातील शहरांची तहान वाढत असल्याने या प्रकल्पाची चर्चा त्यानंतरही होत राहिली. बुडणारी गावे आणि जंगल हे या चर्चेचे विषय आहेत आणि ते योग्यच आहे. त्यासोबत बुडणाऱ्या खळाळत्या पाण्याचाही हिशेब मांडला गेला पाहिजे.

धरणाच्या फुगवट्यात दगडांवरून धावणारे पाणी स्थिर होते. तळावर गाळ बसतो. चपट्या शरीराची पिल्ले तेथून नाहीशी होतात आणि साचलेल्या पाण्यातील जाती त्यांची जागा घेतात. धरणाखालील परिणाम सहज लक्षात येत नाही. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातूनच पिसे येथील बंधाऱ्यापर्यंत येते आणि तेथून मुंबईसाठी उचलले जाते. त्यामुळे परिसरातील ओढे कोरडे असताना नदीचा हा भाग भर उन्हाळ्यातही वाहतो. वरवर पाहता ही कीटकांसाठी पर्वणीच. पण बाराही महिने पाणी असणे म्हणजे पाण्याचे मूळ ऋतुचक्र शाबूत असणे नव्हे. कॅनडातील साउथ सस्कॅचेवान नदीवरील धरणाखाली पाण्याच्या तापमानाचे चक्र बिघडल्याने मे-माश्यांच्या अनेक जाती लोपल्याचे १९७२ मध्ये दिसून आले. अमेरिकेतील कोलोरॅडो नदीवर वीजनिर्मितीसाठी पाण्याची पातळी रोज वर-खाली होते. त्यामुळे काठालगत चिकटवलेली अंडी उघडी पडून सुकतात, असे २०१६ मध्ये सिद्ध झाले. त्यानंतर २०१८ मध्ये ग्लेन कॅनियन धरणातून उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी पातळी स्थिर ठेवण्याचा प्रयोग करण्यात आला. धरण तसेच ठेवूनही केवळ पाणी सोडण्याचे वेळापत्रक बदलून नदीतील जीवनाला मदत करता येते, हा त्यामागील विचार धरणांच्या या जिल्ह्यातही उपयोगी पडणारा आहे.

रस्त्यांचा संबंध तर आणखी अनपेक्षित आहे. मे-माशीला पाणी ओळखता येते ते त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या विशिष्ट प्रकारच्या प्रकाशामुळे. काळ्या गुळगुळीत डांबरावरूनही तसाच प्रकाश परावर्तित होतो. त्यामुळे ओढ्यालगतच्या डांबरी रस्त्याला पाणी समजून माद्या त्यावरच अंडी घालतात, असे हंगेरीतील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. ती सारी अंडी वाया जातात. मुरबाडमधून माळशेजकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, शहापूरमधून जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग आणि २०२५ मध्ये पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग अनेक ओढे ओलांडतात. पुलांवरील आणि काठच्या विश्रामगृहांतील प्रखर दिवे संध्याकाळच्या थव्यांना पाण्यापासून दूर खेचतात. ओढ्याकाठी झाडांची दाट रांग राखणे आणि दिव्यांचा झोत खाली वळवणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

ओळख कशी पटवावी?

पावसाळ्यानंतर सह्याद्रीत भटकंती करणाऱ्यांना मे-माशीचे पिल्लू पाहण्यासाठी विशेष साधन लागत नाही. वाहत्या पाण्यातील मुठीएवढा दगड अलगद उचलून त्याची खालची बाजू पाहिली, की घाईने आडोसा शोधणारे काही मिलिमीटर लांबीचे जीव दिसतात. पोटाच्या दोन्ही बाजूंना पानांसारखे किंवा पिसांसारखे कल्ले, मागे बहुधा तीन, क्वचित दोन, लांब तंतुमय शेपट्या आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी ही तिची खूण. टाचणीसारख्या चतुरवर्गीय कीटकांच्या पिल्लांनाही मागे तीन अवयव असतात. परंतु ते पानांसारखे रुंद असतात आणि पोटाच्या बाजूला अशी कल्ल्यांची रांग नसते. पाहून झाल्यावर दगड त्याच जागी, तीच बाजू खाली करून ठेवणे आवश्यक आहे, कारण त्या बाजूलाच अंडी आणि पिल्ले असतात.

या पिल्लांवर डोंगरी ओढ्यांतील मासे, खेकडे आणि बेडूक जगतात. उडणाऱ्या माश्यांवर पाकोळ्या, वटवाघळे, कोळी आणि घाटातील शीळकरी कस्तूर ताव मारतो. दगडावरील शेवाळ आणि कुजलेला पाचोळा यांचे मांसात रूपांतर करून ते पाण्याबाहेरील जंगलापर्यंत पोहोचवण्याचे काम हा कीटक करतो. ज्या तालुक्यांतून महानगराची तहान भागते, तेथील पाड्यांना उन्हाळ्यात पाणी मिळत नाही, हा विरोधाभास अनेक वर्षे चर्चेत आहे. डोहांतील पाणी टिकावे, काठची झाडे राहावीत, ओढ्यात वाळू-दगडांचा उपसा होऊ नये, या पाड्यांच्या गरजा आणि मे-माशीच्या गरजा मुळात एकच आहेत. म्हणूनच मुरबाड-शहापूरच्या ओढ्यांत प्रत्येक पायरीवरील कुळे कोठे टिकली आहेत आणि कोठून हटली आहेत, याची दरवर्षी पावसाळ्यानंतर होणारी नोंद ही परिसरातील शाळा-महाविद्यालयांना सहज जमण्याजोगी आणि पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणांनाही उपयोगी पडणारी गोष्ट ठरेल.